ऐकलेला राक्षस आणि पाहिलेला राक्षस

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत एक मुलगी नदीकाठाने हसत-खिदळत धावत असता पाय घसरून वेगवान प्रवाहात पडते. झाडीआड लपलेला तो निनावी, आठ फूट उंचीचा, प्रेतांच्या अवशेषांपासून घडवलेला जीव तत्क्षणी पाण्यात झेपावतो, प्रवाहाशी झुंजून तिला काठावर आणतो, तिला शुद्धीवर आणण्याची खटपट करू लागतो, आणि इतक्यात तिच्याबरोबरचा गावकरी तिला त्याच्या हातांतून हिसकावून घेतो व वर त्याच्यावरच बंदूक झाडतो. याच कादंबरीवरून जेम्स व्हेलने १९३१ साली हॉलिवूडमध्ये काढलेल्या चित्रपटातही एक मुलगी आहे, पाणी आहे आणि तो जीवही आहे. पण तेथे ती मुलगी न भिता त्याच्या हाती फुले देते, ती फुले तळ्यात टाकून तरंगताना पाहण्याचा खेळ दोघे मांडतात, आणि फुले संपल्यावर, मुलगीही फुलासारखीच तरंगेल अशा समजुतीने, तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो. कादंबरीतला वाचवतो आणि गोळी खातो. चित्रपटातला खेळता खेळता बुडवतो. रूपांतर करताना प्रसंगांबरोबर आरोपपत्रही कसे पालटते, हे या दोन मुलींइतके स्पष्टपणे दुसरे काहीच दाखवत नाही.

‘मूळ पुस्तकाची सर चित्रपटाला येत नाही’ हा आपल्याकडील सुशिक्षित वर्गाचा ठरलेला अभिप्राय असतो, आणि तो बहुधा चित्रपट पाहण्यापूर्वीच मुक्रर झालेला असतो. किती पात्रे गाळली, किती प्रसंग वगळले, शेवट कसा फिरवला, याचा जमाखर्च मांडून रूपांतराचा निकाल लावण्याची ही रीत मला पटत नाही. कारण सुमारे सत्तर मिनिटांच्या चित्रपटाने तीन खंडांत निघालेल्या कादंबरीचा सगळा ऐवज जसाच्या तसा ताब्यात घ्यावा, ही अपेक्षाच मुळी अन्यायाची आहे. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. मूळ लेखकाने वाचकाला ज्या जागी बसवले होते, त्याच जागी चित्रपट प्रेक्षकाला बसवतो काय. आणि बसवत नसेल, तर त्या नव्या जागेवरून काय दिसू लागते व काय दिसेनासे होते? भयकथेच्या बाबतीत तर हा प्रश्न निर्णायक ठरतो, कारण भयकथेत भीती कोणाची आणि कोणापासून, यावरच तिची सगळी नीती उभी असते.

या कादंबरीची जन्मकथा पुष्कळांना ठाऊक आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला आणि आकाशात चढलेल्या त्याच्या धुराळ्याने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच हिरावून घेतला. १८१६ च्या त्या कुंद, पावसाळी दिवसांत जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनने भाड्याने घेतलेल्या बंगल्यात भुताखेतांच्या गोष्टी लिहिण्याची टूम निघाली, आणि अठरा वर्षांच्या मेरीने त्या वेळी जी गोष्ट मनात धरली ती १८१८ च्या जानेवारीत, अवघ्या पाचशे प्रतींत, लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की, मेरीला जन्म देऊन अवघ्या अकरा दिवसांनी तिची आई, स्त्रियांच्या हक्कांची प्रख्यात कैवारी मेरी वुलस्टनक्राफ्ट, मरण पावली होती. आणि १८१५ साली मेरीचे स्वतःचे पहिले अपत्य दिवस भरण्यापूर्वीच जन्मून काही दिवसांतच दगावले होते. जन्म आणि मृत्यू हे जिच्या लेखी इतके निकटचे शेजारी होते, तिने लिहिलेल्या कथेत मुख्य अपराध जीव निर्माण करण्याचा नसून निर्माण केलेल्या जिवाला टाकून पळून जाण्याचा असावा, यात नवल नाही. तिच्या कादंबरीत त्या निर्मितीच्या रात्री वीज कडाडत नाही की यंत्रे घरघरत नाहीत. नोव्हेंबरची रात्र, तावदानांवर पडणारा पाऊस, सरत आलेली मेणबत्ती, तिच्या उजेडात उघडलेला एक निस्तेज पिवळा डोळा, एवढेच. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा इंगोलश्टाटचा विद्यार्थी त्या डोळ्याकडे पाहतो आणि आपल्या निजायच्या खोलीत पळतो. काही वेळाने तो नवजात जीव बिछान्याचा पडदा बाजूला सारतो, तोंडातल्या तोंडात काही बोलू पाहतो, हात पुढे करतो, आणि त्याचा जन्मदाता जिना उतरून अंगणात जाऊन दडतो.

पुढची सगळी कादंबरी म्हणजे या पळून गेलेल्या जन्मदात्यावर गुदरलेली फिर्याद आहे, आणि तिची रचनाही एखाद्या खटल्याच्या दप्तरासारखी आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन नावाचा दर्यावर्दी आपल्या बहिणीला पत्रे लिहितो. त्या पत्रांत बर्फावरून उचलून जहाजावर घेतलेल्या मरणोन्मुख व्हिक्टरची जबानी येते. आणि त्या जबानीच्या पोटात, कादंबरीच्या ऐन मध्यभागी, त्या निनावी जिवाची स्वतःच्या तोंडची कैफियत येते. ही कैफियत संयत, सुसंबद्ध आणि विलक्षण ओजस्वी आहे. कारण हा जीव जंगलात सापडलेल्या पुस्तकांतून मिल्टन आणि प्लुटार्क वाचलेला आहे, आणि युक्तिवादात आपल्या निर्मात्याला सहज निरुत्तर करणारा आहे.

मेरी शेलीने येथे एक गोष्ट मोठ्या कसोशीने सांभाळली आहे, आणि ती ध्यानात घेतल्याखेरीज चित्रपटाविषयीचा कोणताही निवाडा पुरा होणार नाही. या जिवाला जो पाहतो तो त्याचा द्वेष करतो. जो पाहत नाही, केवळ ऐकतो, तोच काय तो त्याच्याशी माणसासारखा वागतो. आल्प्समधील हिमनदीवर तो व्हिक्टरला गाठतो, तेव्हा व्हिक्टर त्याला डोळ्यांपुढून चालते होण्यास फर्मावतो. त्यावर तो आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो आणि सुचवतो की, दृश्य तर आता दूर झाले, ऐकणे अजून शक्य आहे. व्हिक्टरचा लहानगा भाऊ विल्यम त्याला पाहताच स्वतःचे डोळे हातांनी झाकून किंकाळी फोडतो. शेवटी जहाजावर व्हिक्टरच्या प्रेतापाशी वॉल्टन त्याला प्रथम पाहतो आणि नकळत डोळे मिटून घेतो. आणि त्यानंतरच त्याला थांबवून घेऊन त्याचे म्हणणे तो ऐकून घेऊ शकतो.

या सूत्राचा परमोच्च बिंदू म्हणजे आंधळ्या डी लेसीचा प्रसंग. या वृद्धाच्या घराला लागून असलेल्या खोपटात तो जीव कित्येक महिने लपून राहिला आहे, फटीतून त्या कुटुंबाला न्याहाळत भाषा शिकला आहे, रात्री-बेरात्री त्यांच्यासाठी सरपण तोडून दाराशी ठेवत आला आहे. आणि घरातली तरुण मंडळी बाहेर गेली असता, धीर एकवटून, तो दार ठोठावतो. म्हातारा त्याला आत घेतो, शेकोटीजवळ बसवतो, त्याच्या बोलण्यावरून तो आपल्याच देशाचा, फ्रेंच असावा असा तर्क करतो, आणि चेहरा दिसत नसला तरी आवाजातला प्रामाणिकपणा आपल्याला कळतो असे आश्वासनही देतो. इतक्यात मुलगा फेलिक्स परततो. तो काही विचारत नाही, ऐकत नाही. पाहतो, आणि वडिलांच्या पायांना बिलगलेल्या त्या जिवाला काठीने झोडपू लागतो. फेलिक्सच्या चिंधड्या उडवण्याचे बळ अंगी असूनही तो जीव हात उगारत नाही, निघून जातो. कादंबरीच्या वाचकाची जागा त्या आंधळ्या म्हाताऱ्याची आहे: त्याच्यापुढेही चेहरा नाही, आहे तो केवळ आवाज.

हा आवाज ऐकून त्याला निर्दोष ठरवावे, असे मात्र लेखिका म्हणत नाही, आणि येथेच तिची थोरवी आहे. याच वाक्पटु जिवाने विल्यमचा गळा दाबला आहे, आणि त्या खुनाचा मुद्देमाल, गळ्यातली लहानशी तसबीर, फ्रँकेन्स्टाइनांच्या घरची निरपराध मोलकरीण जस्टिन झोपली असता तिच्या वस्त्रात सरकवून तिला फाशीच्या तख्तापर्यंत पोहोचवले आहे. आणि त्याचा निर्माता खरा प्रकार ओळखून असूनही न्यायालयात मूग गिळून बसला आहे. मरण्यापूर्वी व्हिक्टर वॉल्टनला बजावतो की, तो गोड बोलतो, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. म्हणजे दोन्ही पक्षकार गुन्हेगार, दोन्हींच्या जबान्या अंशतः खऱ्या, आणि फैसला वाचकाच्या गळ्यात! अंगावर काटा आणणारी गोष्ट येथे चेहऱ्यात नाही. एका खुन्याचे म्हणणे आपल्याला पटत चालले आहे, या जाणिवेत आहे.

आता चित्रपटाकडे वळू. त्याने त्या जिवाची वाचा हिरावली, हा त्याच्यावरील नेहमीचा आरोप. पण या गुन्ह्याचा पहिला मानकरी व्हेल नव्हे. १८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या पहिल्याच नाट्यरूपांतरात तो जीव मुका झाला होता, फ्रिट्झ नावाचा नोकरही त्याच नाटकात अवतरला होता, आणि खेळाच्या जाहिरातीत पात्राच्या नावाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा छापल्या होत्या. स्वतः मेरी शेलीने तो प्रयोग पाहिला, आणि निनावी पात्राला असे निनावी ठेवण्याची कल्पना तिला आवडलीही. व्हेलच्या चित्रपटाच्या आरंभीच्या नामावलीत त्याच परंपरेने नटाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे. त्या प्रश्नचिन्हामागे दडलेले बोरिस कार्लोफ हे नावही खरे नव्हे. खरा मनुष्य विल्यम हेन्री प्रॅट, लंडनचा, हिंदुस्थानात सरकारी चाकरी केलेल्या घराण्यातला. आणि मराठी वाचकाला कुतूहल वाटावे असा दुवा म्हणजे त्याच्या आजीची सख्खी बहीण, सयामच्या राजवाड्यातील शिक्षिका म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेली अॅना लिओनोवेन्स, ही १८३१ साली आपल्या अहमदनगरला जन्मली होती.

चित्रपट ही मुळात डोळ्यांची कला. तिच्या प्रेक्षकाला डी लेसीच्या जागी बसवता येत नाही, त्याला फेलिक्सच्याच जागी उभे राहावे लागते. व्हेलला ही अडचण पुरती ठाऊक होती असे दिसते, आणि त्याने ती लपवण्याऐवजी पहिल्याच फटक्यात अंगावर घेतली. दार उघडते, तो जीव पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो, आणि कॅमेरा तीन झटक्यांत त्या चेहऱ्याच्या जवळ, अधिक जवळ जातो: सपाट माथा, जड पापण्या, मानेत रुतलेले धातूचे खुंट. जॅक पियर्सच्या रंगभूषेने घडवलेला हा चेहरा पाहून आपण दचकतो, म्हणजेच फेलिक्सचे अपराध-भागीदार होतो. त्यानंतर लगेच हेन्री (चित्रपटात व्हिक्टरचे नाव हेन्री झाले आहे) छताचे झाकण सरकवतो, उजेडाचा झोत खाली येतो, आणि जन्मल्यापासून अंधारातच ठेवलेला तो जीव मान वर करून, उभा राहून, दोन्ही हातांनी तो उजेड धरू पाहतो. झाकण पुन्हा बंद होते. हात तसेच पसरलेले राहतात आणि मग याचना करीत निर्मात्याकडे वळतात. एकही शब्द नाही, पार्श्वसंगीतही नाही. डी लेसीला जी गोष्ट कानाने कळली ती येथे आपल्याला डोळ्याने कळते, आणि ती त्याच चेहऱ्याकडे पाहत असताना कळते. ‘पाहणाऱ्याला करुणा येणे अशक्य’ हा कादंबरीचा सिद्धांत व्हेल आणि कार्लोफ यांनी खोटा पाडून दाखवला आहे. माझ्या मते रूपांतराने मूळ कृतीला दिलेले इतके समर्थ उत्तर क्वचितच आढळेल.

तेव्हा मुकेपणाचा आरोप मी नामंजूर करतो. चित्रपटाचा खरा गुन्हा निराळा आहे, आणि तो एका काचेच्या बरणीत भरून ठेवला आहे. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर वाल्डमन विद्यार्थ्यांना दोन मेंदू दाखवतात: एक सामान्य माणसाचा, दुसरा गुन्हेगाराचा, आणि दुसऱ्यातील वैगुण्यांचा संबंध ते त्या माणसाच्या क्रूर आयुष्याशी जोडून देतात. वर्ग सुटल्यावर हेन्रीचा कुबडा नोकर फ्रिट्झ चोरून आत शिरतो, चांगल्या मेंदूची बरणी उचलतो, कसल्याशा आवाजाने दचकतो, बरणी हातातून सुटून फुटते, आणि तो त्या जिवासाठी दुसरी बरणी घेऊन निघून जातो. शेलीच्या कादंबरीत या बरणीचा मागमूस नाही. चित्रपटात ती जेमतेम दोन-तीन मिनिटांची. परंतु त्या मिनिटांत सगळा खटला निकालात निघतो. आता निर्मात्याने टाकून देण्याचा प्रश्नच उरत नाही, गावाने दगड मारण्याचा उरत नाही, फेलिक्सच्या काठीचा तर नाहीच नाही. मालच खराब निघाला, कारागीर काय करणार!

आश्चर्य असे की, चित्रपटातील प्रत्येक पुढची घटना या बरणीविरुद्ध साक्ष देते. तो जीव पहिला खून फ्रिट्झचा करतो, पण फ्रिट्झने त्याला तळघरात साखळदंडाने जखडून आसूड आणि पेटत्या मशालीने छळल्यानंतर. दुसरा वाल्डमनचा, पण वाल्डमन त्याला जिवंतपणी चिरण्याच्या तयारीत असताना. आणि ती मुलगी बुडते ती अज्ञानापोटी, मायेच्या खेळात. यातले एकही कृत्य समजून घेण्यास गुन्हेगाराचा मेंदू लागत नाही. मारहाण सोसलेल्या पोराचा मेंदू पुरेसा आहे. पण पटकथेत एकदा शिक्का बसला की प्रेक्षक पुराव्याकडे पाहीनासा होतो. त्यातच अनेक ठिकाणच्या सेन्सॉरने तळ्याकाठच्या प्रसंगाला कात्री लावली: तो मुलीकडे हात पुढे करतो तेथे चित्र तुटे, आणि एकदम मुलीचे कलेवर हातांवर घेऊन लग्नाच्या धामधुमीतून चालत येणारा बाप दिसे. मधले जे वगळले त्यात त्याचा निरागसपणा होता. जे उरले त्यातून प्रेक्षकाने भलताच, अधिक किळसवाणा अपराध कल्पिला. १९८० च्या दशकात तो तुकडा पुन्हा जोडला गेला, तोवर पन्नास वर्षे त्या कात्रीने बरणीचीच बाजू भक्कम केली होती.

ही बरणी आकाशातून पडली नव्हती. गुन्हेगार जन्मतःच घडलेला असतो आणि त्याच्या कवटीवरून तो ओळखता येतो, असे इटालियन वैद्य लोंब्रोसोने १८७६ च्या ग्रंथात प्रतिपादले होते. आणि चित्रपटाच्या चारच वर्षे आधी, १९२७ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरवला होता. वाल्डमनच्या वर्गात बसलेल्या प्रेक्षकाला ते व्याख्यान म्हणूनच निव्वळ शास्त्र वाटले असणार. आपल्यालाही या विचारसरणीची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती सरकारदप्तरी जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांची हजेरी घेतली गेली, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना कुंपणाच्या आत, सेटलमेंटमध्ये डांबले गेले. आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही कपाळावरची ती मोहर पुसायला तयार नसलेले लोक आपल्यात आहेतच. ‘रक्तच तसले’ असे म्हणणारा प्रत्येक मनुष्य आपल्या खिशात फ्रिट्झची बरणी बाळगून असतो.

यावर असा आक्षेप येईल की, मनोरंजनाच्या चित्रपटावर मी भलताच बोजा टाकीत आहे. बाजारात उतरलेल्या कंपनीला तिकीटबारीचा विचार करणे भाग होते, आणि राक्षस पेटत्या पवनचक्कीत कोसळून हेन्री वाचला, त्याच्या वृद्ध पित्याने वंशवृद्धीच्या नावाने पेला उंचावला, तर त्यात बिघडले काय? शेवट गोड केल्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की, त्या गोड शेवटाची किंमत बरणीने आधीच चुकती केली होती. ती नसती, तर त्या पवनचक्कीभोवती मशाली घेऊन जमलेल्या गावाकडे पाहताना आपल्याला आपलेच तोंड दिसले असते आणि पेला उंचावणे इतके सोपे गेले नसते.

खुद्द व्हेलला हे उमगले असावे असे मानण्यास आधार आहे. १९३५ साली त्याने काढलेल्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ या उत्तरार्धात तो त्या आंधळ्या म्हाताऱ्याला परत घेऊन आला. रानातल्या झोपडीत व्हायोलिन वाजवणारा हा एकाकी अंध वृद्ध त्या जिवाला जेवू घालतो, आपल्याला सोबती दिल्याबद्दल देवाचे आभार मानतो, आणि भाकरी, मदिरा, मित्र असे मोजके शब्द त्याला शिकवतो. मग डोळस शिकारी येतात आणि झोपडी पेटते. कार्लोफला स्वतःला त्या जिवाचे हे बोलणे पसंत नव्हते, आणि १९३९ च्या तिसऱ्या चित्रपटात तो पुन्हा मुका झाला. १९९४ साली केनेथ ब्रानाने आणि २०२५ साली गिलेर्मो देल तोरोने त्याला पुन्हा बोलता केले, हे चांगलेच झाले; तथापि वाचा परत मिळाली म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे, हे १९३१ च्या चित्रपटातील उजेडाकडे पसरलेले ते मुके हात पाहिल्यावर कळते.

कादंबरी थोर की चित्रपट थोर, या वादात मला म्हणूनच स्वारस्य नाही. दोन्ही आपापल्या इंद्रियाशी इमान राखणाऱ्या कृती आहेत; तरुण वाचकांनी चित्रपट आधी पाहिला तरी बिघडत नाही, मात्र त्यानंतर कादंबरीतील ती कैफियत अवश्य वाचावी, म्हणजे एकाच जिवाकडे आधी फेलिक्सच्या आणि मग त्याच्या बापाच्या जागेवरून पाहिल्याचा अनुभव त्यांना घेता येईल. रूपांतरकाराला पात्रे गाळण्याची, नावे फिरवण्याची, वाचा काढून घेऊन हात देण्याची, फार काय शेवट उलटा करण्याचीही पूर्ण मुखत्यारी असावी. पण ज्या खटल्यात जन्मदाता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, त्या खटल्यात त्याला गुपचूप सोडवून त्याच्या जागी जन्मलेल्याचा मेंदू उभा करण्याची मुखत्यारी कोणत्याही रूपांतरकाराला असू नये. आणि कोणी ती घेतलीच, तर ते मुखत्यारपत्र नामंजूर करणे हे प्रेक्षकाचे काम आहे.